रुग्णालयातल्या एआयची नोकरी: शोधायची कुठे, तयारी करायची कशी

या विषयावर मला येणारे फोन साधारण दोन प्रकारचे असतात. एक इंजिनिअर झालेल्या मुलाचा: "सर, पायथन येतं, दोन कोर्स केलेत, हेल्थकेअर एआयमध्ये शिरायचंय." दुसरा फोन जरा दबक्या आवाजात येतो. एक्स-रे विभागात पाच-सहा वर्षं काढलेली टेक्निशियन असते, बी.एस्सी. नर्सिंग झालेली सिस्टर असते, बीएएमएस करून पुढे काय म्हणून चाचपडणारा डॉक्टर असतो. त्यांचा प्रश्न एकच: "आम्हाला कोडिंग येत नाही, आमचं काही होईल का?"

होईल. एक्स-रे वाचणारी सॉफ्टवेअर रुग्णालयांत बसवणं हे माझं काम. मॉडेल बनवणारा मिळाला नाही म्हणून काम अडलंय, असं मी फार क्वचित पाहिलं. काम अडतं ते रुग्णालयाच्या दारात: मशीनमधून फोटो नीट येत नाही, सिस्टरला स्क्रीनवरचा आकडा कळत नाही, डॉक्टरांचा विश्वास बसत नाही. ज्याला वॉर्ड कळतो आणि डेटाही वाचता येतो, असा माणूस सापडत नाही. तो माणूस होण्याची तयारी कशी करायची, ते इथे क्रमाने सांगतो.

पायरी पहिली: कामं किती तऱ्हेची आहेत ते बघा

छातीचा एक्स-रे वाचणाऱ्या एका सॉफ्टवेअरचा जन्मापासूनचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. आधी हजारो फोटो गोळा होतात आणि कुठे डाग आहे, कुठे पाणी भरलंय हे त्यांवर कुणीतरी आखतं. याला ॲनोटेशन म्हणतात. शेवटचा शब्द रेडिओलॉजिस्टचा असतो, पण आधीची छाननी, खराब फोटो बाजूला काढणं, नोंदी जुळवणं हे काम रेडिओग्राफर आणि प्रशिक्षित मुलंमुली करतात. मग या फोटोंवरून आजार ओळखायला शिकलेलं मॉडेल तयार होतं. इथे डेटा सायंटिस्ट लागतात. त्या खुर्च्या थोड्या असतात आणि गर्दी मात्र त्यांच्याचसाठी असते. मग सॉफ्टवेअर खरंच चालतं का हे रुग्णालयात तपासायचं असतं, त्याला क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आणि संख्याशास्त्राचा माणूस हवा. मग परवाना, म्हणजे रेग्युलेटरी विभाग. मग ते रुग्णालयाच्या यंत्रणेला जोडणारा इम्प्लिमेंटेशन इंजिनिअर. आणि शेवटी तिथल्या माणसांना शिकवणारा क्लिनिकल ॲप्लिकेशन स्पेशलिस्ट.

या शेवटच्या दोन कामांकडे आपल्याकडची मुलं बघतच नाहीत, आणि मला त्याची हळहळ वाटते. नंदुरबारच्या ग्रामीण रुग्णालयातल्या टेक्निशियनला, "ताई, हा आकडा म्हणजे टीबीची खात्री नाही, थुंकी तपासायला पाठवायची खूण आहे," हे मराठीत समजावून सांगणारा माणूस कंपनीला बाहेरून आणता येत नाही.

काम देणारे कोण? मुंबईची क्युअर डॉट एआय २०१६ पासून एक्स-रे आणि सीटी स्कॅनवर काम करते. पुण्याची डीपटेकही रेडिओलॉजीतलीच. मुंबईतच वाधवानी एआय ही ना-नफा संस्था आहे, २०१८ मध्ये सुरू झालेली. तिचा भर टीबीसारख्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नांवर आहे. बेंगळुरूत ट्रायकॉग ईसीजीवर, सिगटपल रक्ताच्या स्लाइडवर, रेमिडिओ डोळ्याच्या पडद्यावर, तर निरामई उष्णतेच्या प्रतिमांवरून स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीवर काम करते. मोठ्या यंत्रकंपन्यांत फिलिप्सचं पुण्याजवळ केंद्र आहे. बी.फार्म. झालेल्यांनी फार्माकोव्हिजिलन्सकडे पाहावं. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी छाननं आता बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअरच्या मदतीने होतं, पण ते बरोबर आहे का हे पाहायला औषध कळणारा माणूसच लागतो.

पायरी दुसरी: एक आजार, एका तऱ्हेचा डेटा

"हेल्थकेअर एआय" असं म्हणून तयारी करता येत नाही. टीबी आणि एक्स-रे, मधुमेह आणि डोळ्याचा पडदा, हृदय आणि ईसीजी, अशी एकच जोडी निवडा आणि सहा महिने सोडू नका. तुम्ही आधीपासून ज्याच्या जवळ आहात ते घ्या. आयसीयूतल्या सिस्टरने मॉनिटरचे आकडे घ्यावेत, लॅब टेक्निशियनने स्लाइड घ्यावी. इंजिनिअरला असं काही नसेल तर मी टीबी सुचवेन, कारण तिथे काम भरपूर आहे. १५ वर्षं आणि त्यापुढच्या व्यक्तींच्या टीबी तपासणीत डिजिटल एक्स-रे वाचायला माणसाऐवजी सॉफ्टवेअर वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. तेव्हापासून हा विषय प्रयोगशाळेबाहेर पडून शिबिरांपर्यंत पोहोचलाय.

पायरी तिसरी: डेटा रुग्णालयात राहतो कसा, ते शिका

इथे जरा थांबतो, कारण कोर्समध्ये हे कुणी शिकवत नाही आणि नोकरीत पहिल्या दिवशी हेच लागतं.

तालुक्याच्या एका गावात आम्ही सॉफ्टवेअर बसवलं. पहिल्या तासात बारा एक्स-रे गेले आणि बाराच्या बारा 'असामान्य' म्हणून परत आले. डॉक्टरांच्या स्क्रीनवर फोटो अगदी व्यवस्थित दिसत होते. आम्ही नेटवर्क तपासलं, सर्व्हर तपासला, पुण्याला फोन केले. शेवटी एक्स-रे काढणाऱ्या ताईच म्हणाल्या, "तुमच्या रिपोर्टवर ते छोटं चित्र येतंय ना, त्यात फुप्फुसं पांढरी दिसताहेत बघा." एक्स-रेमध्ये हवा काळी दिसते आणि हाड पांढरं. आमच्या सॉफ्टवेअरपर्यंत चित्र उलटं पोहोचत होतं.

कारण सापडायला मग पाच मिनिटं लागली. रुग्णालयातला फोटो साध्या जेपीजीत नसतो, तो डायकॉम नावाच्या प्रमाणात असतो. त्यात चित्राबरोबर माहितीची एक यादी येते: नाव, वय, मशीन, तारीख आणि रंग कसे वाचायचे तेही. त्या मशीनची नोंद 'मोनोक्रोम-१' होती, म्हणजे सर्वांत लहान आकडा पांढरा दाखवायचा. डॉक्टरांचा व्ह्यूअर ती नोंद वाचत होता, आमचा कोड वाचत नव्हता. दुरुस्ती दोन ओळींची होती. त्या ताईंनी पाहिलं नसतं, तर दिवसभर धडधाकट माणसं थुंकी तपासायच्या रांगेत उभी राहिली असती.

तेव्हा घरी बसून एवढं करा. लॅपटॉपवर ऑर्थँक हा मोफत डायकॉम सर्व्हर टाका. रुग्णालयात फोटो साठवून विभागांना पुरवणारी यंत्रणा असते तिला पॅक्स म्हणतात, तिचं हे छोटं रूप समजा. इंटरनेटवर उघडपणे मिळणाऱ्या, नावं काढून टाकलेल्या डायकॉम फाइल त्यात भरा. थ्रीडी स्लायसर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहा, पायडायकॉम या पायथनच्या साधनाने माहितीची यादी छापा आणि तिच्यातली एकेक नोंद कशासाठी आहे ते वहीत लिहा. ज्याला कोड येत नाही त्यानेही हे करावं. सगळं मिळून दोन शनिवार-रविवार लागतील.

फोटो नसलेल्या डेटासाठी तीन नावं ओळखीची हवीत. रुग्णाची माहिती एका यंत्रणेतून दुसरीत नेण्याचं प्रमाण म्हणजे एफएचआयआर, त्याला सगळे 'फायर' म्हणतात. आजार-लक्षणांची सांकेतिक भाषा म्हणजे स्नोमेड सीटी, आणि आजारांचं वर्गीकरण म्हणजे आयसीडी. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेलं आयुष्मान भारत डिजिटल मिशन, ज्याचा १४ अंकी आभा क्रमांक तुमच्याकडेही असेल, ते याच फायरवर उभं आहे. ही प्रमाणं सांभाळणारं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आहे. त्यांची कागदपत्रं मोफत मिळतात. निदान डिस्चार्ज समरीचा नमुना तरी वाचून काढा.

पायरी चौथी: हजार माणसांचं गणित

हे गणित तोंडपाठ हवं, कागद न घेता. समजा शिबिरात १,००० माणसं आली आणि त्यांतल्या १० जणांना टीबी आहे. सॉफ्टवेअरची सेन्सिटिव्हिटी ९० टक्के, म्हणजे दहापैकी नऊ आजारी ते पकडतं. स्पेसिफिसिटी ८० टक्के, म्हणजे निरोगी ९९० जणांपैकी ७९२ जणांना ते बरोबर सोडून देतं आणि १९८ जणांवर उगाच बोट ठेवतं. एकूण २०७ जणांवर खूण झाली, त्यांत खरे आजारी नऊ. शंभरात साडेचारसुद्धा नाहीत.

मग सॉफ्टवेअर वाईट का? तसं नाही. हजार जणांची थुंकी तपासण्याऐवजी २०७ जणांची तपासली आणि दहापैकी नऊ आजारी सापडले, हे मोठं काम झालं. पण तो एक सुटला, त्याचं काय? सॉफ्टवेअर ज्या आकड्याच्या वर खूण करतं, ती रेषा खाली आणली तर तो सापडेल, पण २०७ चे कदाचित ४०० होतील, आणि जिल्ह्यात तेवढ्या तपासण्या करायची सोय आहे का, हे विचारावं लागेल. हेच गणित छातीच्या ओपीडीत करा, जिथे येणाऱ्या शंभरात वीस जणांना टीबी असू शकेल, आणि आकडे कसे पालटतात ते पाहा. मुलाखतीत 'ॲक्युरसी ९६ टक्के' एवढंच सांगणारा उमेदवार आणि हे समजावून सांगणारा उमेदवार, यांच्यात मला पहिल्या पाच मिनिटांत फरक कळतो.

पायरी पाचवी: हातात एक काम असू द्या

सर्टिफिकेटं कितीही असली तरी एक नीट केलेलं काम त्यांना भारी पडतं. मी एक सुचवतो, आणि ते आपल्याच मातीतलं आहे.

नांदेडच्या एका नेत्र-दवाखान्यात काढलेल्या, मधुमेही रुग्णांच्या डोळ्याच्या पडद्याच्या ५१६ फोटोंचा संच २०१८ मध्ये जगासाठी खुला झाला. 'इंडियन डायबेटिक रेटिनोपॅथी इमेज डेटासेट' या नावाने तो शोधा. त्यातल्या ८१ फोटोंवर कुठे रक्तस्राव आहे, कुठे पिवळे डाग आहेत हे बिंदूबिंदूनिशी आखलंय. दुसरा संच कॅगल या डेटा-स्पर्धांच्या साइटवरच्या २०१९ च्या एपीटॉस स्पर्धेचा, अरविंद नेत्र रुग्णालयाचा. शिकवण्यासाठी त्यात ३,६६२ फोटो आहेत.

पहिले दोन आठवडे कोड लिहू नका. शंभर फोटो नुसते डोळ्यांनी पाहा. बारीक लाल ठिपके, पिवळसर डाग आणि धूसर फोटो वेगळे ओळखायला शिका. ओळखीत कुणी ऑप्टोमेट्रिस्ट असेल तर त्यांच्याशेजारी तासभर बसा. मग गुगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमध्येच कोड चालवता येतो तिथे, आधी शिकवून ठेवलेलं एखादं मॉडेल घेऊन, एपीटॉसवर एकच प्रश्न सोडवा: या रुग्णाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचं की नाही? एकच फोटो दोनदा आलाय का ते तपासा. ज्या संचात रुग्णाचा क्रमांक असतो तिथे एका माणसाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला ठेवा. एक डोळा शिकवताना दाखवला आणि दुसरा परीक्षेत विचारला, तर ती परीक्षाच राहत नाही.

आता तेच मॉडेल नांदेडच्या फोटोंवर चालवा. आकडे बहुधा घसरतील. घसरले की घाबरू नका, खरं काम तिथूनच सुरू होतं. चुकलेले वीस-पंचवीस फोटो काढा आणि चुकांचे गट पाडा: अंधूक, वेगळा कॅमेरा, कडेचा डाग, लेबलच शंकास्पद. यावर चार पानांचं टिपण लिहा.

हे का करायचं त्याला आधार आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना दिसलं, की न्यूमोनिया ओळखायला शिकवलेलं मॉडेल शिकलेल्या रुग्णालयांत चांगलं चालतं आणि बाहेर कमी पडतं. शिवाय फोटो कोणत्या रुग्णालयाचा आहे हे यंत्राला जवळजवळ अचूक ओळखता येतं. गुगलचं डोळ्यांचं सॉफ्टवेअर थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत नेलं, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांतल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के 'वाचण्याजोगे नाहीत' म्हणून परत आले. नर्सना फोटो काढायला नीट अंधारी खोलीही सगळीकडे नव्हती. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम केलेल्याला हे वाचून नवल वाटणार नाही.

कोड न येणाऱ्यांसाठी याच फोटोंवर दुसरं काम आहे. दोन मैत्रिणींनी मिळून लेबल स्टुडिओ या मोफत साधनात शंभर फोटोंवर, एकमेकींना न विचारता, 'वाचण्याजोगा' किंवा 'नाही' अशी खूण करायची. मग किती जुळलं ते काढायचं. त्याला कप्पा नावाचं माप आहे, एक्सेलमध्ये निघतं. जिथे जुळलं नाही तिथे बसून वाद घाला आणि नियम लिहा: अमुक शीर दिसत नसेल तर फोटो नापास. त्या नियमांच्या कागदाला ॲनोटेशन गाइडलाइन म्हणतात, आणि तो लिहिता येणं हेच ॲनोटेशन विभागात वरच्या जागेवर जाण्याचं तिकीट आहे.

बोस्टनच्या रुग्णालयातला मिमिक हा आयसीयूचा मोठा संच हवा असेल, तर त्यासाठी संशोधन-नीतीचं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करून करारावर सही करावी लागते. ते जरूर करा. त्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र रेझ्युमेत शोभतं.

पायरी सहावी: कायदा

आपण जिथे काम करतो तिथला डेटा 'प्रोजेक्टसाठी' पेन ड्राइव्हवर घेऊ नका, एक्स-रेचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. फाइलमधून नाव काढलं तरी कित्येकदा ते फोटोवरच छापलेलं असतं. परवानगी लागते, आणि संशोधन असेल तर एथिक्स कमिटीची मान्यता लागते. सोनोग्राफीत आणखी जपा. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा केंद्राच्या आधी, १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला होता.

वाचायच्या चार गोष्टी: २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०२३ ची आरोग्यातल्या एआयविषयीची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं, आणि वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्यांसाठीचं गुणवत्तेचं प्रमाण, आयएसओ १३४८५, याची तोंडओळख. निदानाला मदत करणारं सॉफ्टवेअर आपल्याकडे वैद्यकीय उपकरण मानलं जातं आणि जोखमीप्रमाणे ए ते डी या वर्गांत बसतं. रेग्युलेटरीत जायचं असेल तर सरावाला एखादं सॉफ्टवेअर घ्या आणि त्याचा 'इंटेंडेड यूज' पाच ओळींत लिहा: कोण वापरणार, कुणावर, कोणता फोटो, काय सांगणार, आणि काय सांगणार नाही. पाचवी ओळ सर्वांत अवघड जाते.

पायरी सातवी: शोध

नोकरीच्या साइटवर नुसतं 'हेल्थकेअर एआय' टाकाल तर डेटा सायंटिस्टच्याच जाहिराती येतील. त्याऐवजी क्लिनिकल ॲप्लिकेशन स्पेशलिस्ट, इम्प्लिमेंटेशन इंजिनिअर, मेडिकल इमेज ॲनोटेशन, क्लिनिकल डेटा असोसिएट, रेग्युलेटरी अफेअर्स, हेल्थ इन्फर्मॅटिक्स ही नावं टाका. कंपन्यांची करिअरची पानं थेट पाहा. आयआयटी मुंबईचं कोईता सेंटर फॉर डिजिटल हेल्थ, टाटा मेमोरियल, आयसीएमआरच्या संस्था आणि सी-डॅक यांच्या प्रकल्पांतल्या मुदतीच्या जागांवर लक्ष ठेवा. पगार बेताचा असला तरी खऱ्या डेटावर हात बसायला यासारखी जागा नाही.

सोबत माणसांना लिहा. 'मला संधी द्या' याला उत्तर येत नाही. एका टेक्निशियनने मला पाठवलेला निरोप साधारण असा होता: "मी सहा वर्षं छातीचे एक्स-रे काढते. विभागप्रमुखांच्या परवानगीने महिनाभर नोंद ठेवली, की फोटो पुन्हा का काढावा लागतो. सर्वाधिक वेळा रुग्णाने श्वास पूर्ण घेतलेला नव्हता, त्यानंतर खांद्याचं हाड फुप्फुसावर आलेलं होतं. तुमचं सॉफ्टवेअर अशा फोटोंवर काय करतं?" तिला मी त्याच संध्याकाळी फोन केला.

आणि एक सावधगिरी. 'घरबसल्या मेडिकल डेटा एंट्री, नोंदणी फी भरा' असं म्हणणारा कुणीही नोकरी देत नाही. शंभर टक्के प्लेसमेंटच्या कोर्सला पैसे भरण्याआधी तिथून नोकरीला लागलेल्या तिघांशी स्वतः बोला. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्यासपीठावर मशीन लर्निंगचे चांगले कोर्स मोफत शिकता येतात. फी फक्त परीक्षेची.

पायरी आठवी: मुलाखत आणि त्यानंतर

एक प्रश्न हमखास येतो: "आमच्याकडे मॉडेल उत्तम चाललं, नव्या रुग्णालयात बिघडलं. काय तपासाल?" मॉडेल पुन्हा शिकवू, असं लगेच म्हणू नका. आधी फोटो येतोय तसाच पोहोचतोय का, मशीन कोणतं, पोर्टेबलवर झोपवून काढलेत की उभं करून, रुग्ण कोण आहेत, मुलं आहेत का, तिथले डॉक्टर 'असामान्य' कशाला म्हणतात, आणि त्या रुग्णालयात आजाराचं प्रमाण किती. या क्रमाने बोला. शेवटच्या मुद्द्यासाठी हजार माणसांचं गणित कामी येईल.

तुम्हीही विचारा. सॉफ्टवेअरकडून आजार सुटला तर ते तुम्हाला कसं कळतं? मागच्या तक्रारीवर काय बदललं? महिन्यातले किती दिवस फिरती? ॲनोटेशनचे पैसे फोटोमागे की पगारी? फोटोमागे असतील तर घाईला बक्षीस मिळतं, हे ध्यानात घेऊनच हो म्हणा. सेवेचा बाँड किती वर्षांचा आहे ते वाचा, आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या.

सिस्टर, टेक्निशियन, फार्मासिस्ट, डॉक्टर यांना एक आग्रहाचं सांगणं आहे. कंपनीत गेलात तरी आपापल्या कौन्सिलची नोंदणी वेळेवर नूतनीकरण करत राहा. 'आता काय गरज' म्हणून तिघा-चौघांनी ती लॅप्स होऊ दिलेली मी पाहिली आहे. पुढे रुग्णालयातल्या चाचणीसाठी नोंदणीकृत माणूसच हवा होता, तेव्हा काम येत असूनही त्यांचं नाव यादीत घालता आलं नाही.